‘बदलून टाका’ या सल्ल्याचं खंडन

जुन्या डिझेल व्हॅनचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला की गॅरेजमध्ये, पार्टच्या दुकानात आणि गाडीवाल्यांच्या गप्पांत एकच निकाल ऐकू येतो: बिडाला वेल्डिंग बसत नाही, बीड एकदा फुटलं की संपलं, नवा आणून टाका. हा निकाल इतक्या खात्रीने दिला जातो की त्यावर प्रश्न विचारणारा माणूस चिक्कू ठरतो. मॅनिफोल्ड पुष्कळदा बदलावाच लागतो, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो या निकालामागच्या कारणांना. कारणं चुकीची धरल्यामुळे जिथे सांधायला हवं तिथे बदललं जातं, जिथे बदलायला हवं तिथे सांधलं जातं, आणि दोन्हीकडे वर्ष-दोन वर्षांत तोच तडा त्याच जागी पुन्हा येतो.

हे प्रकरण ज्या गाड्यांचं आहे त्या महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीच्या आहेत. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर, आणि १९८७ मध्ये आलेली ट्रॅव्हलर. ट्रॅव्हलर मर्सिडीज-बेंझच्या टी-१ या व्हॅनवर बेतलेली आणि तिच्यातलं इंजिनही मर्सिडीजच्याच ओएम ६१६ घराण्यातलं: चार सिलिंडर, साधारण २.४ लिटर, टर्बो नाही, हेड बिडाचं. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पुढे इंजिनंही बदलली, पण जुन्या गाड्या लगेच संपल्या नाहीत. अष्टविनायकाची फेरी, लग्नाचं वऱ्हाड, आषाढीला दिंडीचं सामान, शाळेची मुलं, पहाटेची भाजी, असं सगळं या गाड्यांनी वाहिलं. या पिढीतल्या बहुतेक इंजिनांचा मॅनिफोल्ड करड्या बिडाचा आणि एकसंध ओतलेला असतो. चार तोंडं हेडला लागलेली, चारांचा धूर एका नळकांड्यात गोळा होऊन खाली सायलेन्सरकडे जाणारा. दिसायला इंजिनावरचा हा सर्वांत साधा भाग. त्यात फिरणारं काही नाही, तेल नाही, वायर नाही. म्हणूनच त्याच्याबद्दल विचार करायची गरज कोणाला वाटत नसावी.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे, कारण तो अडाण्यांचा नाही. धातुशास्त्र शिकलेली माणसंही तो मांडतात. त्यांचं म्हणणं असं. करड्या बिडात कार्बन साधारण अडीच ते चार टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे धातूच्या पोटात जन्मापासून असलेल्या चिराच. त्यामुळे बीड दाब भरपूर सोसतं, ताण त्यामानाने फार थोडा सोसतं, आणि वाकण्याआधी तुटतं. त्यावर वेल्डिंगचा रॉड टेकवला की तेवढी जागा वितळते, भोवतालचं थंड बीड तिची उष्णता झपाट्याने ओढून घेतं, आणि वितळलेल्या भागातल्या कार्बनला ग्रॅफाइट व्हायला सवडच मिळत नाही. तो लोखंडाशी बांधला जातो आणि अतिशय कडक, ठिसूळ असं पांढरं बीड तयार होतं. वेल्ड गार होताना आक्रसतो, शेजारच्या पट्ट्याला ओढतो, आणि वेल्डच्या कडेने नवी भेग जाते. त्यातून मॅनिफोल्ड जुना, काजळीने भरलेला, हजारो वेळा तापून निवालेला. एवढा उपद्व्याप करून काय साधणार? नवा बसवायलाही मजुरी तेवढीच लागते, वर गॅरेजवाल्याला हमी देता येते.

यातलं प्रत्येक निरीक्षण खरं आहे. तरी निष्कर्ष त्यातून निघत नाही, कारण पहिलाच प्रश्न विचारायचा राहून गेला आहे: मॅनिफोल्ड तडकला का?

‘उष्णतेने’ हे त्याचं उत्तर नव्हे. उष्णता तो गाडी शोरूममधून निघाली त्या दिवसापासून खातो आहे. थोडं गणित करू. चार सिलिंडरच्या अशा इंजिनाचा मॅनिफोल्ड एका टोकाच्या स्टडपासून दुसऱ्या टोकाच्या स्टडपर्यंत साधारण ४५० मिलिमीटर धरू. बीड दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दशलक्षांश ११ भागांनी वाढतं. भरलेली गाडी खंबाटकी किंवा आंबा घाट चढत असेल तर डिझेल इंजिनाचा धूर पाचशे ते सातशे अंशांपर्यंत जातो. मॅनिफोल्डचं बीड सकाळच्या तीस अंशांवरून ५३० पर्यंत गेलं असं समजू. म्हणजे पाचशे अंशांची वाढ, आणि लांबीत सुमारे अडीच मिलिमीटरची. ज्या हेडला तो बसवलेला आहे ते मात्र पाण्याने थंड राखलेलं. ते शंभरच्या आसपासच राहतं आणि तेवढ्याच अंतरात जेमतेम ०.३५ मिलिमीटर वाढतं. म्हणजे इंजिनावरचा हा सर्वांत स्थिर दिसणारा भाग दर चढावाला आपल्या बैठकीवर दोन मिलिमीटरहून जास्त सरकू पाहतो, आणि गाडी थांबली की तेवढाच परत येतो.

हे सरकणं बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं. म्हणून मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा मोठी असतात, टोकाकडची तर जास्तच. म्हणून नट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, ठरलेल्या जोराइतकेच आवळायचे असतात: घट्ट इतके की धूर सुटू नये, आणि मोकळे इतके की फ्लँज, म्हणजे मॅनिफोल्डची हेडला टेकणारी सपाट कड, पॅकिंगवरून घसरू शकेल. मोठ्या ट्रकांच्या सहा सिलिंडरी इंजिनांवर लांबी जास्त असल्याने एवढ्याने भागत नाही. तिथे अनेकदा मॅनिफोल्डच तीन तुकड्यांत ओततात आणि तुकडे एकमेकांत सरकतील असे सांधे ठेवतात.

आता समजा, ही मोकळीक कुठेतरी अडली. तापलेला मॅनिफोल्ड लांब व्हायला बघतो, टोकं जागची हलत नाहीत, आणि सगळी वाढ त्याला अंगातल्या अंगात दाबून घ्यावी लागते. पाचशे अंशांच्या वर बीड मऊ पडलेलं असतं, दाब ते सोसतंही. ते मुकाट्याने किंचित आखूड होतं. तेव्हा काहीही तुटत नाही. तुटतं ते नंतर. गाडी घाट उतरून मुक्कामी लागते, इंजिन बंद होतं, मॅनिफोल्ड निवू लागतो. आता त्याची मूळ लांबी पूर्वीपेक्षा कमी झालेली आहे, पण टोकं स्टडनी जुन्याच अंतरावर धरून ठेवलेली आहेत. दाबाची जागा ताण घेतो. करडं बीड ताणात तुटण्याआधी अर्ध्या-पाऊण टक्क्यापलीकडे क्वचितच लांबतं, आणि पूर्ण अडवलेल्या मॅनिफोल्डकडून मागितली जाणारी लांबी जवळपास तेवढीच भरते. एकदा नाही तुटलं तर पन्नासाव्यांदा तुटतं, पाचशेव्यांदा तुटतं. म्हणजे भेग चढावर पडत नाही. ती रात्री, गाडी उभी असताना, गार होता होता पडते.

या एका गोष्टीने गॅरेजमधल्या कितीतरी कोड्यांचा उलगडा होतो. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की ‘टिक टिक टिक’ असा आवाज येतो आणि दहा मिनिटांत जातो. मग ‘गरम झाल्यावर जातो ना, मग काही नाही’ असं सांगून गाडीवाल्याची बोळवण होते. वास्तविक भेग थंडपणी सर्वांत रुंद असते आणि तापलेलं बीड फुगून ती मिटवतं. जाणारा आवाज हा भेग असल्याचा पुरावा आहे. तसंच, दोन मधल्या सिलिंडरांच्या मध्ये आडवी भेग का जाते, टोकाचे स्टड का तुटतात, काढलेला मॅनिफोल्ड परत चढवताना भोकं का जुळत नाहीत, या सगळ्याचं मूळ तेच, अडलेलं सरकणं.

मोकळीक अडते कशाने? भोकांत काजळी आणि गंज दगडासारखा बसतो. एअर गनने किंवा पान्यावर पाइप चढवून नट हवे तेवढे आवळले जातात. फ्लँज वाकलेला असतो आणि नट त्याला जबरदस्तीने सरळ करून धरतो. धूर सुटतो म्हणून एकावर एक दोन पॅकिंग घातलेली असतात. आणि एक कारण मॅनिफोल्डपासून हातभर लांब असल्यामुळे कोणी पाहतच नाही: सायलेन्सरच्या पुढच्या पाइपचा ब्रॅकेट तुटलेला असतो किंवा इंजिनाच्या मागच्या माउंटिंगचं रबर बसलेलं असतं. मग अख्ख्या पाइपचं वजन आणि इंजिनाचा प्रत्येक हेलकावा मॅनिफोल्डच्या तोंडावर येतो. उष्णतेचा वाटाही आहेच, पण तोही बाहेरून आलेला. पिकअप मिळावा म्हणून डिझेल पंप खोलून जास्त डिझेल सोडलेलं, टायमिंग मागे पडलेलं, एअर फिल्टर चोंदलेला, यातल्या कशानेही इंधन उशिरा किंवा अर्धवट जळतं आणि धूर शे-सव्वाशे अंशांनी सहज जास्त गरम निघतो. मागून काळा लोट सोडत घाट चढणाऱ्या व्हॅनचा मॅनिफोल्ड रात्री पाहिला तर मंद लाल दिसतो. आणि कोकणात पावसाळ्यात या लाल बिडावर रस्त्यावरच्या तळ्यातलं पाणी उडतं. घावनं काढलेला बिडाचा तवा तसाच नळाखाली धरला तर काय होतं हे ज्या घराने एकदा पाहिलं आहे, त्याला याहून जास्त सांगायला नको.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका बाकावर काढून ठेवलेला असाच एक मॅनिफोल्ड मी नीट पाहिला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या तोंडाच्या मध्ये केसाएवढी भेग, तिच्या दोन्ही अंगाला पंख्यासारखी पसरलेली काजळी. मेस्त्रींनी भेगेकडे आधी पाहिलंच नाही. फ्लँज घासून पुसून घेतला, त्यावर पोलादी सरळपट्टी उभी धरली आणि फीलर गेजची पानं एकेक सरकवून पाहिली. मधल्या दोन तोंडांवर पट्टी टेकलेली, पहिल्या तोंडाखाली अर्ध्या मिलिमीटरचं पान सहज आत गेलं. मग त्यांनी भोकं दाखवली. चौथ्या तोंडाकडच्या भोकाची एक बाजू स्टडवर घासून घासून चकचकीत झालेली होती. ते टोक वर्षानुवर्षं सरकत होतं. पहिल्या तोंडाकडचं भोक मात्र काळ्या, टणक काजळीने भरलेलं, आत घासल्याची एकही खूण नाही. ते टोक जाम झालेलं होतं. गाडीखाली जाऊन पाहिलं तर पाइपचा ब्रॅकेट नव्हताच, त्याच्या जागी तारेचे वेढे. या गाडीला नवा मॅनिफोल्ड चढवून, जामलेल्या जुन्या वॉशरांवर तोच नट पुन्हा आवळून दिला असता, तर त्या नव्या बिडाचं नशीबही वेगळं असायचं काही कारण नव्हतं. मॅनिफोल्डने सगळा जबाब लिहून दिलेला होता. तो भंगारात टाकण्याआधी कोणीतरी वाचायचा होता.

आता वेल्डिंग. ‘बिडाला वेल्डिंग बसत नाही’ या वाक्यात एक अट गाळलेली असते: थंड बिडाला, घाईने, साध्या एम.एस. म्हणजे माइल्ड स्टीलच्या रॉडने. ती अट धरली तर वाक्य शंभर टक्के खरं आहे. पांढरं बीड तयार होण्याचं कारण वेल्डिंग नव्हे, पटकन थंड होणं आहे. थंड होणं लांबवलं की कार्बनला ग्रॅफाइट व्हायला सवड मिळते आणि वेल्डच्या कडेचं बीड पुन्हा करडंच राहतं. हे पुस्तकी ज्ञान नाही. ओतकाम आणि गॅस वेल्डिंग जिथे शेजारी शेजारी वाढलं तिथे हे जुन्या कारागिरांना पाठ आहे, आणि आपल्याकडे ही परंपरा लहान नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगर करण्यासाठी. आज कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांत देशातल्या मोटारींचं बीड ओतलं जातं. ओतलेल्या मालातली खोट भरून काढणं हा त्या धंद्याचाच एक भाग आहे.

रीत अशी. आधी भेगेची खरी टोकं शोधायची. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे ती गेलेली असते. रॉकेल लावून पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं, वर खडू घासायचा. भेगेत राहिलेलं रॉकेल खडूवर उमटतं आणि टोक कुठे आहे ते कळतं. दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं ड्रिल मारायचं, म्हणजे भेग पुढे धावत नाही. मग भेगेवर ग्राइंडरने ‘व्ही’ आकाराची खाच पाडायची आणि काजळी व तेल जळून जाईपर्यंत ती जागा तापवायची. यानंतरचं काम धीराचं आहे. अख्खा मॅनिफोल्ड कोळशाच्या भट्टीत सावकाश, सगळीकडून सारखा, मंद लाल होईपर्यंत म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास तापवायचा. तो तसा गरम असतानाच गॅसच्या ज्योतीने, फ्लक्स लावून, जास्त सिलिकॉनच्या बिडाच्याच रॉडने खाच भरायची. आणि भरून झाली की मॅनिफोल्ड कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. पंखा नाही, पाणी नाही, ‘गिऱ्हाईक थांबलंय’ नाही. शेवटी फ्लँज सरफेस ग्राइंडरवर टाकून चारही तोंडं एका पातळीत आणायची.

हे काम जमलं की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, एक कानस पुरते. वेल्डवरून शेजारच्या जुन्या बिडाकडे कानस चालवत न्यायची. सगळीकडे सारखी चावली तर काम झालं. वेल्डच्या कडेला एका रेघेवर ती न चावता घसरली तर तिथे पांढरं बीड आहे. तो मॅनिफोल्ड गाडीवर चढवू नये.

भट्टी नसेल तर निकेलच्या रॉडने थंड वेल्डिंग करता येतं. इंचभराचा टाका मारायचा, तो गरम असतानाच हातोडीने हलके ठोकून त्याचा ताण मोडायचा, जागा हाताला सोसेल इतकी निवली की पुढचा टाका. फ्लँजचा तुटलेला कान बसवायला ही रीत उत्तम आहे. धुराच्या ऐन झोतातल्या भेगेला मी ती दुय्यम मानतो. आणि पितळेचं वेल्डिंग, जे बिडाच्या इतर कामांत फार गुणाचं आहे, ते इथे अजिबात नको. तीनशे अंशांच्या आसपास पितळी सांध्याची ताकद उतरू लागते, आणि मॅनिफोल्डची खरी परीक्षा त्याच्या पुढे सुरू होते. पितळी सांधा सुटला की लोक म्हणतात, ‘बघा, बिडाला वेल्डिंग बसत नाही.’

मग बदलायचं कधी? पूर्वपक्षाचं सर्वांत बळकट म्हणणं इथे आहे, आणि त्याला मान द्यायला हवा. बीड तापून निवताना नुसतं थकत नाही, ते बदलतं. १९०९ मध्ये रुगन आणि कारपेंटर यांनी बीड पुन्हा पुन्हा तापवून निववलं तर ते कायमचं फुगतं, याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. लोखंडाशी बांधलेला कार्बन उष्णतेने सुटा होऊन ग्रॅफाइट बनतो आणि जागा अडवतो. शिवाय ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या वाटेने हवा आत शिरून बीड आतूनच गंजतं. अशा बिडाला ग्राइंडर लावला तर चकचकीत करडा पृष्ठभाग निघत नाही, काळपट आणि पापुद्र्यांचा निघतो. वितळवायला गेलं तर ते रॉडला धरत नाही, बुडबुडे सोडतं. हातोडीने वाजवलं तर भेग नसलेल्या जागीही बद्द बोलतं. हे बीड सांधायच्या पलीकडे गेलेलं आहे आणि त्यावर खर्च करणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक. एका भेगेऐवजी भेगांची जाळी असेल, पूर्वी कोणी एम.एस. रॉडने गिरवून ठेवलेलं असेल, किंवा टर्बोच्या गाडीत भेग टर्बोच्या तोंडाशी असेल आणि सुटलेला कण टर्बाइनच्या पात्यात जाण्याचा धोका असेल, तर बदलावं, आणि वाद घालू नये.

पण बदलायचं म्हणजे काय आणायचं? ‘नवा म्हणजे खात्रीचा’ हा पूर्वपक्षाचा शेवटचा खांब, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत तो सर्वांत कच्चा आहे. कंपनीचा मूळ माल या वयाच्या गाड्यांना नेहमी मिळतोच असं नाही. जो मिळतो तो कित्येकदा लोकल असतो, आणि स्वस्त लोकल मालाची एक ठरलेली गफलत आहे. बीड ओतल्यावर गार होताना सुमारे एक टक्का आक्रसतं. म्हणून पॅटर्न करणारा माणूस आपली मापं तेवढी वाढवून घेतो. पण ज्याने जुना मॅनिफोल्डच वाळूत दाबून साचा काढला, त्याचा माल मूळ मालापेक्षा एक टक्क्याने आखूड निघतो: ४५० मिलिमीटरला साडेचार मिलिमीटर. मग भोकं ड्रिल करताना ती मुळाबरहुकूम मारली जातात, म्हणजे स्टडवर बसतो, पण टोकाची तोंडं हेडच्या तोंडांसमोर येत नाहीत; धूर अर्धा भिंतीवर आपटतो. भोकाच्या एका बाजूला धातू कमी उरतो आणि मोकळीकही. त्यात ओतल्यानंतर ताण घालवण्यासाठी भट्टीत द्यायचा पाचशे-सहाशे अंशांचा शेक कोणी दिलेला नसतो. म्हणजे असा मॅनिफोल्ड डब्यातून निघतानाच अंगात ताण घेऊन आलेला असतो. चांगल्या फाउंड्रीचा माल असा नसतो, हे मुद्दाम सांगतो. माझा रोख न मोजता बसवण्यावर आहे. नवा मॅनिफोल्ड आला की तोही सरळपट्टीखाली धरावा, त्याची तोंडं जुन्या पॅकिंगवर ठेवून पाहावीत, आतून साच्याची वाळू झटकून काढावी. पार्ट बाजारातून थेट हेडवर जाऊ नये. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा मॅनिफोल्ड, जर हातोडीच्या आणि सरळपट्टीच्या परीक्षेला उतरला, तर मी कित्येकदा अशा नव्यापेक्षा तो पसंत करीन. त्याच्या अंगचे ताण रस्त्यावरच निघून गेलेले असतात.

एम.एस. पाइप जोडून मॅनिफोल्ड बनवणं, भेगेत पुटी भरणं, भट्टीचं सिमेंट थापणं, यांवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. दर चढावाला दोन मिलिमीटर हलणाऱ्या भागावर थापलेली कोणतीही पुटी पहिल्या आठवड्यातच सांगते की ती का टिकणार नाही.

दुसऱ्या टोकाचं एक मत मात्र धोकादायक आहे: बारीक भेग आहे, थोडा आवाज येतो, चालू द्या. टर्बो नसलेल्या इंजिनाच्या ताकदीवर या भेगेने फारसा परिणाम होत नाही हे खरं, म्हणून ते मत टिकून आहे. पण मॅटाडोरमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, पेटीखाली असतं. ट्रॅव्हलरमध्येही इंजिनाचं झाकण आतल्या अंगाला येतं. पेटीचं रबर झिजलेलं, खिडक्या पावसामुळे बंद, आणि आत शाळेची मुलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला आहे. सांधायचं की बदलायचं यावर आठवडाभर वाद घालायला हरकत नाही. तेवढा आठवडा ती गाडी मुलांना घेऊन जाऊ नये.

राहिला मजुरीचा मुद्दा, आणि व्यवहारात सगळे याच मुद्द्यावर शरण जातात. मॅनिफोल्ड उतरवायला लागणारी मजुरी दोन्ही वाटांना तीच, मग वेल्डिंगचा खर्च वर कशाला? हा हिशोब मी उलटा मांडतो. मजुरी तीच आहे म्हणूनच उतरवलेल्या मॅनिफोल्डचं मोजमाप घेण्याची वेळ तीच आहे. गाडीच्या आयुष्यात तो पुन्हा इतक्या सहज हातात येणार नाही. खरा खर्च मॅनिफोल्डचा नसतोच, तो स्टडचा असतो. वीस-पंचवीस वर्षं तापलेला स्टड हेडमध्ये तुटला की नट वेल्ड करून काढा, नाही निघाला तर ड्रिल मारा, आटे गेले तर टॅप मारून मोठे करा, आणि ड्रिल तिरकं गेलं तर हेड उतरवा. इथे मेस्त्रीची घाई मालकाला सर्वांत महाग पडते. अडलेल्या नटाशी झटापट करण्यापेक्षा नट लाल करावा, निवू द्यावा, किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा आणि मग सोडावा. तरीही न हलला तर छिन्नीने किंवा ग्राइंडरने नट कापावा. नट स्वस्त आहे, हेडमधले आटे नाहीत. नवे स्टड, तांब्याचा मुलामा दिलेले नट, एकच नवं पॅकिंग, भोकं गोल कानशीने साफ केलेली, मधून बाहेर आवळणी. पाइप आधी मॅनिफोल्डला सैल धरून ब्रॅकेटला टेकवायचा, आपल्या वजनाने बसला की मग दोन्हीकडे आवळायचा. चार-सहा वेळा गाडी तापून पूर्ण निवल्यावर, थंड इंजिनावर, नट एकदा पुन्हा पाहायचे.

बिलावर मात्र ‘मॅनिफोल्ड बदलला’ एवढंच लिहिलेलं असतं. गाडीवाल्याने तिथे आणखी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: जुन्या मॅनिफोल्डच्या फ्लँजखाली फीलर गेजचं किती जाडीचं पान गेलं, हेडची पातळी पट्टीखाली कशी दिसली, आणि पाइपचा ब्रॅकेट जागेवर होता की नव्हता. हे लिहून देता आलं नाही तर मॅनिफोल्ड मोजलाच गेलेला नाही, आणि जुना परत मागून दुसऱ्या मेस्त्रीला दाखवायला हरकत नाही.